समुद्राला वाया जाणारं पाणी

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही; पण समुद्रातलं शेवाळ इथं दरवर्षी द्राक्षबागांवर फवारलं जातं. निफाड, दिंडोरी किंवा चांदवडच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ‘सीवीड’ मागितलं, तर दुकानदाराला पुढचं काही विचारावं लागत नाही. काळपट द्रवाचे डबे, काळ्या चकचकीत भुकटीची पाकिटं तो समोर मांडतो. गोडी बहाराची छाटणी झाली, फुटवे निघाले, मणी धरले, की बुरशीनाशकं आणि संजीवकांच्या वेळापत्रकात कुठंतरी सीवीडचाही नंबर लागतो आणि ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरमधून ते बागेवर उडतं. एखादा बागायतदार सांगतो, पानाला काळोखी येते, वेल ताण सोसते. त्याचा शेजारी म्हणतो, फरक काही दिसत नाही, पण सगळे मारतात म्हणून आपणही मारायचं. दोघांचंही खरं असू शकतं, कारण दोघांच्या डब्यात एकच गोष्ट असेल याची खात्री नसते.

चांगल्या डब्यात असतं ते बहुतेक वेळा ‘ॲस्कोफायलम’ या तपकिरी शेवाळाचा अर्क. नॉर्वे, आयर्लंड, कॅनडाच्या थंडगार किनाऱ्यावरच्या खडकांवर ते वाढतं. भरतीत बुडायचं, ओहोटीत उघडं पडायचं, हिवाळ्यात गोठायचं आणि पुन्हा भरतीला पाण्याखाली जायचं, असं त्याचं रोजचं जगणं. हे सोसण्यासाठी पेशींत साठवलेली द्रव्यं, म्हणजे मॅनिटॉल, बीटेन, अल्जिनेट, अर्कात उतरतात आणि वेलीलाही ताण सोसायला मदत करतात, असा या धंद्याचा दावा. तो सरसकट खोटा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून अशा ‘जैव-उत्तेजकां’ना पहिल्यांदा कायद्याच्या चौकटीत आणलं. तोवर डब्यावर काय लिहायचं आणि आत काय भरायचं, हा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न होता.

दुसरा डबा भारतीय असतो. इफ्कोचं ‘सागरिका’ लाल आणि तपकिरी शेवाळांपासून बनतं. यातलं लाल शेवाळ ‘कॅपाफायकस’ मूळचं फिलिपिन्सकडचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं ते १९८०च्या दशकात भारतात आणून रुजवलं आणि त्याचा ताजा रस काढून फवारण्याची पद्धतही बसवली. २००० नंतर एका शीतपेय कंपनीनं तमिळनाडूत मंडपमच्या आसपास त्याची शेती सुरू केली. बांबूचे तराफे, त्यांना बांधलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर वाढणारं शेवाळ, हे काम मुख्यतः बचत गटांतल्या कोळी बायकांनी अंगावर घेतलं आणि त्यातून हाती पैसा आला. पण २००८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक वेगळी बातमी छापून आली: हेच शेवाळ तराफ्यांवरून सुटून मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाच्या प्रवाळांवर पसरलं होतं. जिवंत प्रवाळाला त्यानं वरून झाकून टाकलं होतं. त्यानंतरही २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळशेतीसाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले आणि २०२५ पर्यंत ११ लाख २० हजार टनांचं लक्ष्य जाहीर झालं. लक्ष्य मोठं असणं ही सरकारी शेवाळाची खासियतच म्हणायची.

शेवाळाशी नाशिककराचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. आइस्क्रीम वितळताना पटकन पाणी होत नाही, कारण त्यात लाल शेवाळापासून काढलेलं कॅराजीनन असतं. दाताची कवळी बसवण्याआधी दंतवैद्य जबड्याचा ठसा घेतो ते अल्जिनेट तपकिरी शेवाळाचं. घरात जेली जमवायला वापरतात ते चायना ग्रासही लाल शेवाळातूनच येतं, आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीतले, थुंकीतले जंतू ज्या अगारच्या ताटलीवर वाढवतात ते त्याचंच शुद्ध रूप. या ताटलीची सुरुवातही स्वयंपाकघरातच झाली. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे उन्हाळ्यात वितळून जाणाऱ्या जिलेटिनला कंटाळले होते. त्यांच्या पत्नी फॅनी घरी जेलीत अगार वापरत. तेच इथंही वापरून पाहा, असं त्यांनी १८८१ मध्ये सुचवलं. पुढच्याच वर्षी कॉखनी क्षयाचा जंतू जगासमोर ठेवला.

एवढं सगळं जगभरच्या किनाऱ्यांवरून येत असताना, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर काय आहे?

त्याची पहिली नीट मोजदाद एका डॅनिश माणसानं केली. फ्रेडरिक ब्यॉर्गेसेन १९२७-२८च्या हिवाळ्यात भारतात आले आणि मुंबई, द्वारका, ओखा इथल्या खडकांवरून शेवाळं गोळा करून घेऊन गेले. ‘मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यांवरची’ हिरवी, तपकिरी आणि लाल शेवाळं यांवर त्यांनी १९३० पासून लेखमाला लिहिली. नाशिकही तेव्हा त्याच इलाख्यात होतं, ही निव्वळ कागदोपत्री जवळीक. पुढं स्वातंत्र्यानंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अ. ग. उंटवाले, वि. के. धारगळकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ महाराष्ट्राचा किनारा ओहोटीच्या वेळा धरून पालथा घालत राहिले. २००१ मध्ये सबंध भारताची यादी झाली तेव्हा तीत सागरी शेवाळांच्या ८४४ जाती भरल्या. गुजरात आणि तमिळनाडूच्या मानानं महाराष्ट्राचा वाटा लहान आहे. किनाऱ्यावर गाळ आणि खाड्या जास्त, पावसाळा दांडगा. पण जिथं काळा कातळ थेट समुद्रात उतरतो, त्या रत्नागिरी, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ल्याकडच्या पट्ट्यांत बघणाऱ्याला कमी नाही.

दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरची मोठी ओहोटी गाठून मालवणच्या किंवा कुणकेश्वरच्या कातळावर उतरावं. कालवं काढणाऱ्या बायका तिथं आधीच आलेल्या असतात. कातळाच्या वरच्या कडेला अल्वाची पातळ पोपटी पानं चिकटलेली. ऊन, पाऊस, खारं, गोडं सगळं सोसणारी ही जात, आणि गटाराचं पाणी आलं तर उलट जास्तच बहरणारी. थोडं खाली डबक्यांतून पडायनाचे तपकिरी पंखे. त्यांच्यावर चुन्याची पांढुरकी पुटं. मग ग्रासिलेरियाचे गडद लाल झुबके. अगदी शेवटी, जो पट्टा महिन्यातून काही तासच उघडा पडतो, तिथं सरगॅसमचं रान. त्याच्या फांद्यांवर हवेचे टपोरे फुगे असतात, म्हणून भरती आली की ते पाण्यात उभं राहतं आणि माशांची पिल्लं त्यात शिरतात. वाळू साचलेल्या कपारीत कॉलर्पा दिसला तर थांबून पाहावा. आडवं खोड, वर फांद्या, खाली मुळं, अशी झाडासारखी सगळी मांडणी. पण हा सगळा पसारा म्हणजे एकच पेशी. मधे एकही भिंत नाही, केंद्रकं मात्र असंख्य.

आणि ऐन पावसाळ्यात, जेव्हा होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि बाकीची बहुतेक शेवाळं लाटांनी खरवडून निघतात, तेव्हा कोकण-गोव्याच्या खडकांवर जांभळट, चमकदार, कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ एक शेवाळ येतं: पॉर्फायरा व्हिएतनामेन्सिस. जपानमध्ये याच्याच भावंडांपासून नोरी बनवतात, सुशीभोवती गुंडाळतात ती. पावसाळा सरला की हे नाहीसं होतं. उरलेलं वर्ष या कुळातली शेवाळं कुठं जातात, हे कोडं १९४९ मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी सोडवलं. ती शिंपल्यांच्या कवचात शिरून गुलाबी धाग्यांच्या रूपात राहतात, आणि त्या धाग्यांना शास्त्रज्ञ तोवर वेगळीच जात समजत होते. या शोधामुळे जपानी नोरीशेतकऱ्याला बी कुठून आणायचं ते कळलं. १९६३ मध्ये जपान्यांनी उटो इथं बाईंचं स्मारक उभारलं. त्या स्वतः कधी जपानला गेल्या नव्हत्या. कोकणात मात्र पॉर्फायरा येतो आणि जातो, त्याची दखल स्वयंपाकघरानं कधी घेतली नाही. बोंबील ते कुर्ल्यांपर्यंत समुद्रातलं काही न सोडणाऱ्या माणसांनी शेवाळाला हात लावू नये, हे जरा नवलच आहे.

मालवणचा समुद्र १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २९ चौरस किलोमीटरच्या त्या पट्ट्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक, प्रवाळ आणि शेवाळाची रानं येतात. मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध आहे, आणि तो समजण्यासारखा आहे: ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांना विचारून ती रेघ ओढली गेली नाही.

आता या साऱ्या गोष्टीतली मुख्य गोष्ट. ओहोटीला दिसतं ते शेवाळ म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचा फार छोटा अंश. बाकीचं डोळ्यांना दिसत नाही. पृथ्वीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ अर्धा भाग समुद्रात होतो आणि त्यातला बहुतेक सूक्ष्म, तरंगती, एकपेशी शेवाळं करतात. त्यांतले सर्वांत कर्ते डायटम. डायटम म्हणजे काचेच्या कुंकवाच्या करंड्यात राहणारी एक पेशी: खाली तबकडी, वर तिच्यावर घट्ट बसणारं झाकण, दोन्हींवर सुईच्या टोकाहून बारीक छिद्रांची नक्षी. काच खरीखुरी, म्हणजे सिलिका. डायटम मेले की हे करंडे तळाशी साचतात आणि लाखो वर्षांनी त्यांची पांढरी माती होते. वाइन आणि बिअर नितळ दिसावी म्हणून जगभर या मातीतून गाळतात. आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये भडकू नायट्रोग्लिसरीन याच मातीत जिरवून डायनामाइट बनवलं. द्राक्षाच्या आणि सुरुंगानं खणलेल्या विहिरींच्या नाशिकला या दोन्ही गोष्टी परक्या नाहीत.

कोकणातली तारली आणि बांगडा ज्या अन्नसाखळीवर पोसतात, तिच्या बुडाशी हे डायटम आहेत. तारलीच्या पोटात तर ते थेट सापडतात. फ्रॅजिलॅरिया ओशियानिका या डायटमचा बहर आला की तारलीचा हंगाम चांगला जातो, हे निरीक्षण मलबार किनाऱ्यावर जुनं आहे. पण डायटमची एक अट असते. नायट्रोजन, फॉस्फरस सगळ्याच शेवाळांना लागतो. डायटमला त्याखेरीज सिलिका हवी, आणि तीही जवळपास नायट्रोजनइतकीच. घराला काच मिळाली नाही तर पेशी दुभंगत नाही, म्हणजे वंश वाढत नाही.

ही काच किनाऱ्याजवळच्या समुद्रात येते कुठून? डोंगरांतून. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यानं बनलेला दख्खनचा काळा दगड हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो. ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळच लवकर. त्यातली काही सिलिका दगडाच्याच पोकळ्यांत स्फटिक होऊन बसते. पांडवलेण्यांजवळच्या खाणींतले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. उरलेली विरघळून नदीत जाते. ब्रह्मगिरीवर पडणारा प्रत्येक पाऊस समुद्रातल्या डायटमसाठी थोडी काच घेऊन उतरतो.

उतरतो तोही दोन्हीकडे. त्र्यंबकच्या परिसरात उगम पावणाऱ्या दोन नद्यांपैकी वैतरणा पश्चिमेला जाऊन अरबी समुद्र गाठते आणि गोदावरी, अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना, त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वैतरणेचा प्रवास तर आता अधिकच गमतीचा झालाय. इगतपुरीकडे ऊर्ध्व वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. नाशिकच्या डोंगरावरचा पाऊस मुंबईत अंघोळीला, भांड्यांना, संडासाला वापरला जाऊन मग वरळी-वांद्र्याच्या समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याच्या नळांतून अरबी समुद्राला मिळतो. पोहोचतं पाणी तेच. सोबतचं सामान बदललेलं.

गोदावरीला पूर आला की नाशिक ‘गंगेवर’ जमतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावर पुराचं माप ठरतं. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं तर तो पूर पुढच्या पिढीला सांगायचा. आणि पूर बघता बघता गर्दीतून कुणीतरी म्हणतंच, एवढं पाणी वाया चाललंय. हे वाक्य मराठी मुलखात शाळेच्या फळ्यापासून विधानसभेपर्यंत इतकं रुळलंय, की त्यावर कुणाला पुरावा मागावासा वाटत नाही. समुद्राला मिळालेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी. सुरगाणा-पेठच्या नार, पार, दमणगंगेचं पाणी गिरणेत आणि गोदावरीत वळवायच्या योजनांमागे दुष्काळी भागाची तहान आहे, आणि ती खरी आहे. मनमाडच्या माणसाला पाण्याबद्दल प्रवचन देण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या कुणालाच नाही. पण ‘वाया’ हा शब्द त्या तहानेतून येत नाही. त्यामागे समुद्राला पाण्याची गरज नसते हा समज आहे, आणि तो चूक असल्याचं एका मोठ्या नदीनं साठ वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय.

ती नदी नाईल. आस्वानचं मोठं धरण बांधण्याआधी तिचा पूर दर पावसाळ्याअखेर भूमध्य समुद्रात उतरायचा आणि मुखाजवळ डायटमचा प्रचंड बहर यायचा. त्या बहरावर सार्डिन मासे यायचे. १९६२ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर सुमारे १८ हजार टन सार्डिन पकडले गेले. धरणात पाणी अडू लागलं, बहर थांबला आणि १९६८ मध्ये ही पकड पाचशे टनांच्याही खाली गेली. डॅन्यूबवरच्या धरणांनंतर काळ्या समुद्रात सिलिका घटली, डायटम मागे पडले आणि बिनकाचेच्या शेवाळांनी जागा घेतली, असा अभ्यास १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात एकट्या ‘लोखंडी दरवाजा’ धरणावर ठेवलेला ठपका पुढच्या मोजणीत टिकला नाही; पण यंत्रणा स्पष्ट झाली. धरणात पाणी थांबतं, गाळ बसतो, पाणी नितळतं, ऊन आत शिरतं; मग धरणातलेच डायटम सिलिका घेऊन वाढतात आणि मेल्यावर करंड्यासकट तळाशी जातात. गोदावरीवर गंगापूर, पैठणचा नाथसागर, तेलंगणातला श्रीरामसागर, शेवटी १८५२ मध्ये आर्थर कॉटननं बांधलेला धवळेश्वरमचा बांध, अशी ही थांबण्याची ठिकाणं एकामागोमाग एक येतात.

इथं दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, कारण त्या या लेखाच्या सोयीच्या नाहीत.

पहिली: राजमहेंद्रीपाशी गोदावरीत जे अफाट पाणी दिसतं, त्यात नाशिकचा वाटा किरकोळ. प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या तिच्या खालच्या उपनद्या बहुतांश पाणी आणतात. नाशिकनं गंगेवर कितीही हक्क सांगितला तरी समुद्राच्या दृष्टीनं ती विदर्भ, छत्तीसगड आणि ओडिशाची नदी आहे. दुसरी: नदीचं पाणी समुद्राला नेहमी पोसतंच असं नाही. बंगालच्या उपसागरात पावसाळ्यात इतकं गोडं पाणी येतं की त्याचा हलका थर खाऱ्या पाण्यावर पसरून राहतो, आणि वारा कितीही घुसळत असला तरी खालची पोषकद्रव्यं वर येऊ शकत नाहीत. त्याच दिवसांत अरबी समुद्राच्या पश्चिम भागात खालचं थंड पाणी वर येत असतं. म्हणून अरबी समुद्र सुपीक आणि बंगालचा उपसागर त्या मानानं रोडका, असं गोव्याच्या संस्थेतले एस. प्रसन्नकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं. मुखाजवळच्या पट्ट्यात मात्र नदीचं राज्य चालतं. ऐन पुरात तिथंही शेवाळ वाढत नाही. पाणी चहासारख्या रंगाचं असतं, ऊन आत जात नाही आणि प्रवाह सगळं धुऊन नेतो. पूर ओसरला, गढूळपणा बसला, की मागे राहिलेल्या सिलिका-नायट्रोजनवर बहर येतो. गोदावरीच्या मुखाशी असलेल्या कोरिंगाच्या खारफुटीतली कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं त्या बहरावर वाढतात. नदीचं वेळापत्रकच तिथं अन्न वाढतं. नुसतं पाण्याचं आकारमान मोजून ते कळत नाही.

इजिप्तच्या गोष्टीचाही उत्तरार्ध आहे. १९८०च्या दशकात सार्डिन परत येऊ लागले. पूर काही परतला नव्हता. वाढत्या कैरो-अलेक्झांड्रियाचं सांडपाणी आणि शेतांतून निथळणारं रासायनिक खत यांनी समुद्राला पुन्हा नायट्रोजन-फॉस्फरस पुरवायला सुरुवात केली होती, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. म्हणजे सांडपाणी सोडलं की झालं, असा सोयीस्कर अर्थ कुणी काढेल. पण सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस असतो तितकी सिलिका नसते. दगडाचं पाणी अडवून गटाराचं पाठवलं, तर समुद्रात डायटमचा हात आखडतो आणि ज्यांना काच लागत नाही त्यांचं फावतं.

ते कोण? नाशिकमध्येच पाहता येतं. अमेरिकी शास्त्रज्ञ सी. मर्विन पामर यांनी १९६९ मध्ये घाण पाण्यात टिकणाऱ्या शेवाळांची क्रमवारी लावली. वरच्या जागा युग्लिना आणि ऑसिलेटोरियाला मिळाल्या. नासर्डी आणि वाघाडीचे नाले गोदावरीला मिळतात तिथं काठच्या दगडावरचा हिरवा-काळा गिलावा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर यांतली ओळखीची मंडळी भेटण्याची शक्यता दाट. पुढं जिथं पाणी संथ होतं तिथं त्याच खतावर पानवेली माजतात आणि दरवर्षी यंत्रं लावून काढाव्या लागतात. आणखी खाली गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा गाळानं उथळ झाला आणि त्या उथळपणामुळेच पाणपक्ष्यांचं माहेर बनला. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. तिथल्या बदकांचं, पाणकोंबड्यांचं जेवण शेवाळापासूनच सुरू होतं. ठाण्याच्या खाडीत तर मुंबईच्या सांडपाण्यावर पोसलेली शेवाळं खाऊन रोहित पक्षी गुलाबी होतात, आणि लोक कॅमेरे घेऊन तिकडं धावतात. घाणीचा परिणाम प्रत्येक वेळी कुरूपच दिसतो असं नाही. म्हणूनच तो ओळखायला अवघड.

२०२०च्या हिवाळ्यात जुहू आणि देवगडच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या. टाळेबंदीत कंटाळलेल्या लोकांना ते निसर्गाचं बक्षीस वाटलं. असा उजेड पाडणाऱ्यांत नॉक्टिल्युका हा एकपेशी जीव ठळक आहे. उत्तर अरबी समुद्रात त्याची जी हिरवी जात माजते तिच्या पोटात हजारो सूक्ष्म हिरवी शेवाळं राहतात. म्हणजे ती स्वतःचं अन्न पिकवते आणि वर डायटमही गिळते. तारली-बांगड्यांचं खाद्य असलेले बारीक कोपेपॉड तिला सहसा खात नाहीत. खातात ते साल्प आणि जेलीफिश. मूळचे गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतले आणि नंतर अमेरिकेत गेलेले हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी २०१४ मध्ये मांडलं की उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटमची जागा नॉक्टिल्युका घेत आहे, आणि त्याचा संबंध पाण्यातल्या घटत्या प्राणवायूशी आहे. कारणाबद्दल इतर शास्त्रज्ञांचं दुमत आहे आणि वाद अजून मिटलेला नाही. पण बहर येतात, वारंवार येतात, यावर दुमत नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था आता उपग्रहांवरून समुद्राच्या हिरवेपणावर नजर ठेवते. एरवी हीच हिरवाई मोजून ती मच्छीमारांना मासळी कुठं मिळेल याचा अंदाजही देते. नाखवा मोबाइलवर जो अंदाज बघून होडी हाकतो, तो मुळात शेवाळाचा नकाशा असतो.

नाशिकची सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशी नदीच्या काठानं बसलेली आहेत. अशा केंद्रांचं पारंपरिक काम म्हणजे पाण्यातला मैला कमी करणं, म्हणजे नदीतला प्राणवायू वाचवणं. विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला वेगळी यंत्रणा लागते, वेगळा खर्च लागतो. २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात बरंच काही बांधलं जाणार आहे. घाट, रस्ते, पूल. स्नानाच्या दिवशी रामकुंडात पाणी कसं दिसेल, याची चिंता सगळ्यांनाच आहे. ते पाणी दुसऱ्या दिवशी काय घेऊन पुढं जाईल, हाही प्रश्न त्याच कामांच्या यादीत असायला हवा.

नार-पारचं पाणी वळवायचं की नाही, हे चांदवड-मनमाडची तहान आणि सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांचा हक्क समोर ठेवूनच ठरवावं लागेल, आणि ते सोपं नाही. पण अशा कोणत्याही योजनेच्या अहवालात समुद्राला जाणाऱ्या पाण्याच्या रकान्यात ‘वाया’ असं लिहून मोकळं होऊ नये. पावसाळ्यात मुखापर्यंत किती पाणी, किती गाळ आणि किती सिलिका जाते, ती अडली तर खाडीतल्या कोळंबीचं आणि तारलीचं काय होईल, हे आधी मोजावं. मोजणारी माणसं गोव्यात, विशाखापट्टणमला आणि हैदराबादला आहेत. गोदावरीत गटार सोडणं थांबवायला मात्र अशा कुठल्याही मोजणीची वाट पाहण्याचं कारण नाही.